चाळीस फेऱ्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.

गाठ कॅन्सरचीच निघाली. उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, सव्वादोन सेंटिमीटर. सर्जननी पडद्यावर दाखवली. बॉबिनच्या पेटीत दोरा अडकून गोळा होतो ना, तशी दिसली मला. कुठे पसरलेली नाही म्हणे. फुप्फुसाचा तेवढा भाग काढला की काम झालं. हे ऐकून मी पर्स उचललीसुद्धा — बरं, मग कधी काढताय? तर म्हणाले, बसा.

मग माझा पाढा वाचला. मधुमेह एकोणीस वर्षं. संधिवात बारा वर्षं, तोही बोटं वाकडी करणारा. दमा कधीपासून ते मलाच आठवत नाही. वय बासष्ट. नळीत फुंकायच्या तपासणीत आकडा अगदी काठावर. म्हणाले, "गाठ काढणं माझं काम. त्यानंतर उरलेल्या फुप्फुसावर उठून बसणं तुमचं. ते तुम्हाला जमेल याची मला खात्री हवी."

माणूस सरळ बोलतो. आडवळण नाही, पाठीवर हात फिरवणं नाही. मी मनात त्यांचं नाव ठेवून टाकलं — सरळ टीप, मशीनवर मारतात तशी.

चार आठवडे दिलेत. उपाशीपोटी साखर एकशेचाळीसच्या आत आणायची. सिगारेट असेल तर आजपासून बंद. आणि चालायची परीक्षा. दहा मीटरच्या अंतरावर दोन खुणा ठेवलेल्या, त्यांच्यामध्ये येरझारा घालायच्या, यंत्र टिंग करेल त्याच्या आत पलीकडे पोहोचायचं. टिंग टिंगमधलं अंतर कमी कमी होत जातं. चाळीस फेऱ्या झाल्या तर ऑपरेशन. आज किती झाल्या? तेवीस. चोविसाव्याला भिंत धरली.

त्या परीक्षेचं नाव शटल टेस्ट! पस्तीस वर्षं लोकांच्या शिलाई मशीनची शटलं दुरुस्त केली, आता स्वतःच शटल झाले.

सिगारेट ओढता का, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, आठ वर्षांपूर्वी सोडली.

इथे लिहायला काय हरकत आहे. रोज दोन. एक दुकान उघडायच्या आधी, एक बंद केल्यावर.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रुग्णालयाच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते. मूलबाळ नाही, माहेरचं कुणी उरलं नाही. नातेवाईक म्हणजे वन्सं, ह्यांची थोरली बहीण. परवा जिवावर आलं तरी फोन केला. म्हटलं कागद पाठवते, सही करून परत पाठवा. तर आज स्वतःच दारात उभ्या! एक बॅग, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला तर म्हणे सवय. अडतीस वर्षं शाळेत खेळाच्या बाई होत्या. सत्तरी आली, पाठ अजून फूटपट्टीसारखी.

किती दिवस राहणार विचारलं. म्हणाल्या, होईपर्यंत.

तासाभरात स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. बिस्किटांचा डबा शेजारच्या घरी पोचता झाला. माझ्या गोळ्यांचं पाकीट टेबलावर रिकामं करून एकेक गोळी उचलून विचारलं — ही कशाची, ही कधी, ही जेवणाआधी की नंतर? अकरा गोळ्या, दोन फवारे, दोन इंजेक्शनं. सगळं वहीत उतरवून घेतलं. माझ्या दुखण्यांची हजेरी!

ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवशी ह्याच दारात त्या मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या धुराने नेला माझ्या भावाला." तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे वर्षातून एक फोन. आणि आता त्या ह्यांच्या पलंगावर झोपणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सहा. तळमजल्यावरच्या दुकानापासून चौथ्या मजल्यावरच्या घरापर्यंत बहात्तर पायऱ्या. मध्ये सात वेळा थांबले. वन्सं खाली स्टूल टाकून घड्याळ घेऊन बसल्या होत्या, वर पोचले की मी कठड्यावर किल्ली वाजवायची. आठ मिनिटं चाळीस सेकंद. शाबासकी नाही, ओरडणं नाही. नुसता आकडा.

८ फेब्रुवारी, रविवार

दुकानाला सुट्टी. वन्संना सांगितलं तेलाच्या बाटल्या आवरून येते. मागच्या खोलीत खुर्चीवर बसले, सुटे भाग ठेवायच्या खणातून पाकीट काढलं. पेटवली.

चव नसतेच आता. ओढते कशासाठी मग? ह्या खोलीत आम्ही दोघं बसायचो, त्यासाठी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कारखान्यातलं पहिलं मोठं मशीन ह्यांनी चालू करून दिलं. त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून ह्यांनी एक पेटवली आणि अर्धी मला दिली. मी खोकून खोकून हैराण, हे हसून हैराण. पुढे रोजचं झालं. दिवसभर गिऱ्हाइकांसमोर आम्ही 'जरा पाना द्या', 'तेल संपलं' एवढंच बोलायचो. खरं बोलणं त्या दहा मिनिटांत. दिवसातल्या दोन सिगारेटी म्हणजे अजून ह्यांच्याशी दोनदा बोलणं. आहे वेडेपणा. पण आहे.

वर गेले तर वन्संनी नुसतं बघितलं. तोंडात लवंग होती माझ्या.

१० फेब्रुवारी, मंगळवार

संधिवाताचं महिन्याचं इंजेक्शन बंद करायला सांगितलंय. त्याने जंतूंशी लढायची ताकद कमी होते, ऑपरेशनच्या जखमेला ते चालत नाही. बंद केलं की बोटं सुजणार, हे मला ठाऊक. सूज उतरायला गोळी वाढवावी तर साखर चढते. साखर उतरवायला चालावं तर दम लागतो. दम लागू नये म्हणून फवारा मारावा तर छाती धडधडते. एकाला शांत केलं की दुसरा उठतो. गाठ धरून चार भाडेकरू एका घरात, आणि घरमालकीण मी!

वन्संना हे सांगितलं तर हसल्या. म्हणजे तोंडाचा डावा कोपरा हलला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगून टाकलं.

रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट मुलगी एक छोटं यंत्र घेऊन आली. फुंकायचं, म्हणजे श्वासात धूर आहे की नाही ते दिसतं. सगळ्यांचंच करतो, म्हणाली. वन्सं शेजारच्या खुर्चीत. मी यंत्र हातात घेतलं. मनात हिशेब चालू — सकाळची ओढून तीन तास झालेत, कदाचित कळणार नाही. आणि मग एकदम स्वतःची किळस आली. बहात्तर पायऱ्या चढते, वाटीने मोजून जेवते, आणि ह्या एवढ्याशा यंत्राला फसवायचं बघते? फसणार कोण आहे ह्यात?

यंत्र खाली ठेवलं. म्हटलं, "फुंकायची गरज नाही. रोज दोन ओढते. आजसुद्धा ओढली."

तिने सर्जनना बोलावलं. म्हटलं गेलं आता ऑपरेशन. सरळ टीप आले, उभ्या उभ्या ऐकलं. म्हणाले, बरं झालं आत्ता सांगितलंत, टेबलावर कळलं असतं तर महागात पडलं असतं. चार आठवडे आजपासून मोजू. ऑपरेशन बारा मार्चला, परीक्षा पाच मार्चला. आणि एकही नाही. एक झुरकासुद्धा नाही.

घरी आलो, जेवलो. मी खणातलं पाकीट आणून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते नळाखाली धरलं आणि लगदा होईपर्यंत धरून ठेवलं.

१३ फेब्रुवारी

शून्य. दिवसभर शिवणाचा दोरा चघळला.

१४ फेब्रुवारी

शून्य. पडदेवाल्या बाईंवर विनाकारण खेकसले. त्यांचं मोठं मशीन टाके सोडतंय, आठवड्यात हवंय, एवढंच विचारत होत्या बिचाऱ्या.

वन्सं बोलत नाहीत. आकडा मात्र सांगतात. सहा मिनिटं पन्नास.

१५ फेब्रुवारी, रविवार

भांडण झालं. अकरा वर्षं साठलेलं.

सुरुवात त्यांनी केली. माझ्या पाठीमागे स्वयंपाकघरात उभं राहून म्हणाल्या, तू अजून ओढतेस, तो त्यानेच गेला, आणि तरी ओढतेस. त्याने जन्मात हात लावला नव्हता.

माझ्या हातात सुरी होती, भाजी चिरत होते. खाली ठेवली. आवाज चढवला नाही, पण थांबलेही नाही. सांगितलं की पहिली त्यांच्या भावाने पेटवली होती, मला अर्धी दिली होती. चोवीस वर्षं आम्ही बरोबर ओढली, माझ्या दोन तर त्यांच्या दहा. मी सोडा म्हणून पाया पडले, स्वतः वर्षभर सोडून दाखवली, त्यांना नाही जमलं. ते गेले त्या दिवशी तुम्ही दारात मला बोललात तेव्हा शेजारपाजारचे सगळे ऐकत होते. मी गप्प बसले, कारण त्यांचं नाव खराब करायचं नव्हतं. तुमच्याजवळ तेव्हा भावाचं चांगलं नाव सोडून काय उरलं होतं?

वन्सं खाली बसल्या. खुर्ची होती तरी जमिनीवर. म्हणाल्या, "दहावीत असताना त्याच्या दप्तरात मला काडेपेटी सापडली होती. मी कुणाला सांगितलं नाही. वडिलांनी चामडी सोलली असती त्याची." मग म्हणाल्या, "मला माहीत होतं गं. तुझ्यावर ढकलणं सोपं होतं."

मी पण खाली बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली. दोघींना उठायला कपाटाचा आधार घ्यावा लागला, आणि त्यात कपाटाचं दारच निखळून हातात आलं. हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि मग पाणी नुसतंच येत राहिलं.

संध्याकाळी ह्यांच्याबद्दल बोललो. ते मशीनला 'बाईसाहेब' म्हणायचे, ते त्यांना माहीत नव्हतं. ते लहानपणी झोपेत चालायचे, ते मला माहीत नव्हतं.

शून्य. आणि आज तलफसुद्धा आली नाही!

१८ फेब्रुवारी, बुधवार

बोटं फुगलीत. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन — वाटाण्याच्या शेंगा नुसत्या. स्क्रू ड्रायव्हर धरता येईना. पडदेवाल्या बाईंचं मशीन टेबलावर उघडं पडलेलं. परत पाठवावं म्हटलं. पस्तीस वर्षांत एकही मशीन न दुरुस्त करता परत पाठवलेलं नाही.

वन्सं म्हणाल्या, हात माझे घे.

मी स्टुलावर बसले, त्यांना समोर बसवलं. सांगत गेले. सुई खाली जाऊन जराशी वर येते तेव्हा दोऱ्याचा फास पडतो. तो फास शटलच्या टोकाने नेमक्या त्याच क्षणी उचलायचा. केसभर पुढे-मागे झालं की टाका सुटला. स्क्रू ढिला करा. चाक तुमच्याकडे फिरवा. अजून. अजून. थांबा! मागे, मागे. वन्संचं कपाळ घामाने भिजलं. मुलांना अडथळ्यांची शर्यत शिकवणं ह्यापेक्षा सोपं म्हणाल्या. पावणेदोन तास. मग कापडाचा तुकडा लावला, पायाने दाबलं. टाका बघितला. सरळ, घट्ट, एकसारखा. दोन्ही बाजूंनी.

पडदेवाल्या बाईंनी हात कुणाचा विचारलं. मी म्हटलं, नवीन कारागीर ठेवलीय. सत्तर वर्षांची. अनुभव दोन तासांचा.

साखर एकशे बावन्न. पायऱ्या पाच मिनिटं दहा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मधली चाचणी. एकतीस फेऱ्या!! तेवीसवरून एकतीस. फिजिओ मुलीने टाळ्या वाजवल्या. वन्सं म्हणाल्या, अजून नऊ हव्यात. पण घरी येताना मला मोगऱ्याची वेणी घेऊन दिली. केस पिकले तरी मोगरा कुणाला चालत नाही?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज काही नाही. पायऱ्या नाहीत. पहाटे उठायला गेले तर अंगच उचलेना. खांदे, मनगटं, घोटे — सगळे एकदम पेटलेले. त्यात छाती भरलेली, शिट्टी वाजतेय. साखर दोनशे दहा. कशाने? दुखण्याने. दुखण्यानेही चढते म्हणे.

सगळं सोडून द्यावंसं वाटलं. चार भाडेकरूंना सांगावं, घ्या घर, मी निघते.

वन्सं शिट्टी न घालता आल्या. माझ्या कुडत्याची बटणं लावली, केस विंचरले. एकदाही ऊठ म्हणाल्या नाहीत. फोन करून संधिवाताच्या डॉक्टरना विचारलं, त्यांनी तीन दिवसांपुरती गोळी वाढवली, इन्सुलिन किती वाढवायचं तेही सांगितलं. वन्संनी वहीत लिहिलं. मग माझ्या पलंगाच्या कडेला बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत राहिल्या. चार अक्षरी, 'न हरणारा'. मी डोळे मिटूनच म्हटलं, अपराजित. पाच अक्षरं होतात, म्हणाल्या. अजिंक्य म्हटलं, ती तीनच. मग दोघींनी ते कोडं तसंच टाकलं.

२६ फेब्रुवारी

उठले. दोन मजले. दोनच. पण उठले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

श्वास ओढायचं एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलंय. तीन नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी. ओढला की गोळ्या वर जातात. पहिल्या दिवशी एक जेमतेम हलली होती. पंचवीस दिवस दर तासाला दहा वेळा ओढतेय. दुकानात गिऱ्हाइकांसमोर, भाजी शिजेपर्यंत, दात घासून झाल्यावर. आज सकाळी तिन्ही वर! तिन्ही, आणि मी तीन आकडे मोजेपर्यंत वरच राहिल्या. वन्संना हाक मारून पुन्हा करून दाखवलं. मग जिन्यात भेटलेल्या शेजारणीला. मग पोस्टमनला. तो घाबरला.

साखर एकशे छत्तीस.

२ मार्च, सोमवार

भूलतज्ज्ञ बाईंना भेटलो. केस आखूड, आवाज हळू. त्यांनी अर्धा तास दिला. मान किती मागे जाते ते बघितलं — संधिवातात मानेचेही सांधे ढिले होतात, नळी घालताना जपावं लागतं. सांध्यांची गोळी त्या दिवशी शिरेतून देणार, एकदम बंद केली तर शरीर कोसळतं. साखर दर तासाला बघणार. पाठीत एक बारीक नळी, म्हणजे दुखणार नाही आणि मला खोकता येईल. खोकणं महत्त्वाचं म्हणाल्या.

मी विचारलं, धोका किती? म्हणाल्या, "दुसऱ्यापेक्षा जास्त. पण महिन्यापूर्वीच्या तुमच्यापेक्षा बराच कमी. तो तुम्ही कमी केलात, मी नाही."

वन्संनी त्यांना बरंच विचारलं. भूल उतरताना माणसाला कळतं का? जाग नाही आली असं कधी होतं का? छातीचं ऑपरेशन असलं की किती जण उठत नाहीत? माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त प्रश्न. बाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं.

५ मार्च, गुरुवार

सकाळी साखर एकशे एकोणतीस. श्वासात धूर — यंत्रात शून्य. तो शून्य फिजिओ मुलीकडून कागदावर लिहून घेतला.

मग शटल.

पहिल्या वीस गप्पा मारत. पंचविसाला गप्पा बंद. एकतिसाला मागच्या वेळची जागा आली, तिला ओलांडून गेले. टिंग जवळ जवळ यायला लागली. चौतिसाला घोटा चमकला. पस्तीस. तोंडाला कोरड. सदतिसाला वाटलं, झालं, इथे थांबावं, सदतीससुद्धा काही वाईट नाही. समोरच्या खुणेजवळ वन्सं उभ्या होत्या, दोन्ही हात मागे. मी त्यांच्या चपलांकडे बघत चालले. अडतीस. परत. एकोणचाळीस. परत. टिंग व्हायच्या आधी पाऊल खुणेच्या पलीकडे — चाळीस!

आणि थांबले नाही! कुणी थांब म्हटलंच नव्हतं. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळिसाला पाय म्हणाले पुरे.

सरळ टीप दारात उभे राहून बघत होते, कधी आले कळलं नाही. आकडा वाचला. "पुढच्या गुरुवारी सकाळी आठला. पहिल्या तुम्ही." बस्स. माणूस वळला, गेला.

वन्संनी मला पाणी दिलं. उरलेलं त्यांनीच पिऊन टाकलं.

८ मार्च, रविवार

दुकानाच्या शटरवर कागद लावला. 'मालकीण सहा आठवडे दुरुस्तीला गेली आहे.' वन्संना तो फाजीलपणा वाटला. पण अक्षर त्यांचंच आहे, मला पेन धरवत नव्हतं.

११ मार्च, बुधवार

दाखल. खिडकीची जागा मिळाली. छातीवर उजव्या बाजूला पेनाने बाण काढलाय, चुकू नये म्हणून. मशीन उघडताना मीही कुठला स्क्रू कुठून काढला ते खुणा करून ठेवते. चांगला कारागीर तसंच करतो.

भीती आहे. खोटं कशाला लिहू. पण महिन्यापूर्वीची भीती वेगळी होती, तेव्हा मी तिच्यासमोर हात जोडून बसले होते. आता ती शेजारच्या खुर्चीत बसलीय आणि मी आपलं हे लिहितेय.

१२ मार्च

आज.

१५ मार्च, रविवार

आहे.

१६ मार्च, सोमवार

जरा जास्त लिहिता येतंय. साडेतीन तास लागले. उजव्या कुशीत दोन नळ्या होत्या, काल एक काढली. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं काय केलं म्हणे, तर नर्सला विचारलं, साखर किती? एकशे साठ होती. ठीक आहे म्हणाली, आणि मी परत झोपले.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत. तिसऱ्या दिवशी पॅसेजच्या टोकापर्यंत, नळीचा डबा हातात घेऊन. खोकले की उशी छातीला घट्ट धरायची. दुखतं, भयंकर दुखतं. पण श्वास खाली जातो. फिजिओ मुलीने तेच तीन गोळ्यांचं यंत्र पुढे केलं. एकच वर गेली. म्हटलं, थांब. तुला दाखवते महिन्याभरात.

वन्सं रोज सकाळी येतात, भेटीची वेळ संपली की त्यांना उठवावं लागतं. सरळ टीपना त्यांनी काल मला ऐकू येणार नाही अशा बेताने बाजूला नेऊन काही विचारलं. माझंच काहीतरी असणार. मी डोळे मिटून घेतले. वाईट असेल तर उद्या कळलं तरी चालेल.

२० मार्च, शुक्रवार

घरी. लिफ्टने. पण शेवटच्या सहा पायऱ्या माझ्या मी.

२७ मार्च, शुक्रवार

अहवाल आला. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ. भोवतालच्या अकरा लसीकाग्रंथी तपासल्या, अकराही कोऱ्या. म्हणजे कॅन्सर पहिल्याच टप्प्यातला. त्याचं औषध नाही, किरणं नाहीत. तीन महिन्यांनी स्कॅन, मग पुन्हा तीन महिन्यांनी, आणि असं बरीच वर्षं. सरळ टीप म्हणाले, पुढच्या गोष्टीची हमी मी देत नाही, झालेल्या कामाची देतो. काम चोख झालंय.

मी त्यांना म्हटलं, टीप सरळ आली. त्यांना काही कळलं नाही. वन्सं तोंडावर रुमाल धरून बाहेर गेल्या.

रस्त्यात भाजी घेतली. वांगी बघून निवडली, काकड्या दाबून बघितल्या. बासष्ट वर्षांची बाई रस्त्याच्या मधोमध काकडी हातात घेऊन रडत उभी — भाजीवालीने एक काकडी जास्त टाकली पिशवीत.

संधिवाताचं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात परत सुरू. मधुमेह, दमा आहेत तिथेच आहेत. तीन भाडेकरू राहिलेत. त्यांची सवय आहे मला. चौथ्याला बाहेर काढलं!

१२ एप्रिल, रविवार

सेहेचाळीस दिवस... नाही, एकोणसाठ. एकोणसाठ दिवस शून्य. मोजायचं विसरले होते, हेच मोठं.

आज मागच्या खोलीत खुर्चीवर नुसतीच बसले. ह्यांच्याशी दहा मिनिटं बोलले. काहीही न पेटवता बोलता येतं.

१९ एप्रिल, रविवार

वन्सं उद्या निघणार म्हणून त्यांची बॅग भरायला घेतली. तळाशी एक फाइल. नाव त्यांचं, तारीख गेल्या वर्षीची. हृदयाची झडप अरुंद झालीय, ऑपरेशन लवकरात लवकर करा. खाली दुसऱ्या डॉक्टरांचं तेच. तिसऱ्यांचंही तेच. प्रत्येकावर वन्संची सही — 'मला समजावून सांगितले. माझी तयारी नाही.'

त्या दारात उभ्या होत्या. माझ्या हातातून फाइल घेतली नाही. म्हणाल्या, "मला टेबलावर जायची भीती वाटते गं. तू उठतेस का, ते बघायला आले होते."

बॅग परत रिकामी केली. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय, मंगळवारी साडेदहा. वन्सं आत्ता शांत झोपल्यात, दुपारच्या. मी वहीत त्यांच्या गोळ्या उतरवून घेतेय.